वादळात झाड पडलं तर: ठाण्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी आणि नव्या कमिटीसाठी

झाड पडल्याचा आवाज झाला की माणूस आधी गॅलरीत येतो आणि मग हातातलं काम टाकून खाली धावतो. गेली बारा वर्षं मी आमच्या पाचपाखाडीतल्या सोसायटीच्या कमिटीत आहे, आणि दर वेळी हेच पाहत आले. पाच मिनिटांत गर्दी जमते. कुणी मोबाइलच्या उजेडात फांद्या बाजूला करतो, कुणी खाली अडकलेली स्कूटर ओढून बघतो, लहान मुलं पडलेल्या खोडावर चढून बसतात. एखादे काका घरातला कोयता घेऊन येतात.

या सगळ्यांना जे सांगावंसं वाटतं ते सुरुवातीलाच लिहिते. पडलेलं झाड निपचित दिसतं, पण त्याचं पडणं अजून संपलेलं नसतं. वाकलेल्या फांद्यांत, अर्धवट तुटलेल्या मुळांत, भिंतीला टेकलेल्या खोडात ताण भरून राहिलेला असतो आणि एका चुकीच्या घावाने तो सुटतो. म्हणून पहिलं काम माणसं लांब ठेवण्याचं. करवत सगळ्यात शेवटी.

ठाण्यात झाडं कधी पडतात

बाहेरगावहून आलेल्यांना वाटतं, धोका जुलैच्या मुसळधार पावसात असतो. तो असतोच, पण त्याच्याही आधी मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यात जास्त घात होतो. १३ मे २०२४ च्या दुपारी धुळीचं वादळ आलं, घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली, त्याच वादळाने ठाण्यातही झाडं पाडली. त्याआधी १७ मे २०२१ ला तौक्ते किनाऱ्यालगतून गेलं आणि ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. तिन्ही वेळा पावसाळा लागायचा होता किंवा नुकता लागत होता. झाडं पानांनी भरलेली, छाटणी अर्धवट राहिलेली आणि वारा अचानक आलेला.

जुलै-ऑगस्टची तऱ्हा वेगळी. चार-पाच दिवस संततधार लागली की माती लोण्यासारखी होते आणि वाऱ्याची झुळूकही नसताना झाड मुळांसकट आडवं होतं. अशी झाडं बहुतेक पहाटे पडतात असं मला वाटतं, पण ती केवळ माझी आठवण आहे, नियम नाही.

आपल्याकडे रस्त्याकडेला आणि सोसायट्यांत लावलेली झाडं म्हणजे गुलमोहर, सोनमोहर, रेन ट्री, सुबाभूळ, जंगली बदाम, नारळ आणि आसुपालव. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. दिसायला देखणा, पण मुळं उथळ आणि लाकूड ठिसूळ. रेन ट्रीचा पसारा अवाढव्य, आणि पिठ्या ढेकणाने रस शोषून घेतलेली रेन ट्री वाळून उभ्या राहिलेल्या मुंबई-ठाण्यात पुष्कळांनी पाहिल्या आहेत. शेवग्याची फांदी तर माणसाच्या वजनानेही कडकन मोडते. तरीही सगळा दोष जातीवर टाकणं मला पटत नाही. आपण बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक लावतो, गटारासाठी, केबलसाठी, गॅसच्या पाइपसाठी एका बाजूची मुळं तोडतो, शेजारी पुनर्विकासाचा खोल खड्डा खणतो, आणि गॅलरीत अंधार येतो म्हणून एकाच अंगाच्या फांद्या उतरवतो. इतकं झाल्यावर झाड ज्या बाजूला पडतं ती बाजू आपणच ठरवलेली असते.

पहिला अर्धा तास

आवाज आला की खाली जाऊ नका. आधी खिडकीतून पाहा. वाऱ्याचा जोर चालू असेल तर दुसरी फांदी, दुसरं झाड येणं बाकी असतं. वॉचमनला इंटरकॉमवरून सांगा की त्यानेही केबिनमध्ये किंवा जिन्यात थांबावं. वॉचमन हा पगारी माणूस असला तरी झाडाखाली जाऊन बघणं त्याच्या कामात येत नाही.

वारा थांबला की तारा शोधा. नौपाडा, चरई, वर्तकनगर, कोपरी अशा जुन्या भागांत अजून कितीतरी ठिकाणी डोक्यावरून वायर जातात. विजेची, केबलवाल्याची, इंटरनेटची, सगळ्यांचा गुंता. कुठली तार कसली हे खालून ओळखता येत नाही, तेव्हा प्रत्येक तार जिवंत समजायची. ओलं लाकूड आणि ओली पानंही वीज वाहून नेतात. तार झाडाला टेकली असेल तर झाडाला हात लावणं म्हणजे तारेला हात लावणं. जमिनीवर तार पडली असेल तर किमान दहा मीटर लांब राहा, म्हणजे साधारण एका बेस्ट बसच्या लांबीइतकं. जवळ गेल्यावर लक्षात आलं, तर धावत सुटू नका. पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता, घासत घासत मागे या. जमिनीतून वीज पसरलेली असते आणि मोठं पाऊल टाकलं की दोन पायांमधल्या फरकाने झटका बसतो.

गाडीवर तार पडली आणि आत कुणी असेल, तर त्याने आतच बसून राहायचं. गाडीने पेट घेतला तरच, दोन्ही पाय जुळवून, गाडीला आणि जमिनीला एकाच वेळी स्पर्श होणार नाही अशी उडी मारून बाहेर यायचं.

लाइट गेले म्हणून तारा मेल्या असं समजू नका. महावितरण केव्हाही पुरवठा सुरू करू शकतं, आणि एखाद्या इमारतीचा जनरेटर चुकीच्या जोडणीमुळे उलटा प्रवाह तारेत सोडू शकतो. मीटर रूम कोरडी असेल आणि तिथपर्यंत जाणारी वाट सुरक्षित असेल तरच मेन स्विच बंद करा. पाण्यातून चालत जाऊन अजिबात नाही.

झाड मुळांसकट उपटलं असेल तर खड्ड्याकडे लक्ष द्या. मुळांच्या जाळ्यात जमिनीखालची केबल, पाण्याची लाइन, गॅसचा पाइप अडकून वर आलेला असतो. गॅसचा वास आला तर तिथे मोबाइल वापरू नका, दिव्याचं बटण दाबू नका, विडी-काडी नाही. सगळ्यांना लांब करून मगच गॅस कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. हा क्रमांक गॅसच्या बिलावर छापलेला असतो. आजच तो कागदावर लिहून वॉचमनच्या केबिनमध्ये लावून ठेवा.

झाड इमारतीला टेकून राहिलं असेल तर त्या बाजूच्या खोल्या आणि गॅलऱ्या रिकाम्या करा. आमच्याकडे एकदा पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ ग्रिलमध्ये घुसलेली फांदी आतून आरीने कापायला निघाले होते. त्यांना वाटलं, निदान खिडकी तरी लावता येईल. त्या एका फांदीवर अख्खं खोड रेललेलं होतं. आम्ही त्यांना थांबवलं आणि त्या रात्री त्यांच्या घरातल्या तिघांची झोपायची सोय दुसऱ्या मजल्यावर केली.

मग दोरी बांधा. झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतरावर, चारही बाजूंनी. टेबलं, कुंड्या, दुचाकी, जे हाताशी असेल त्याचा आडोसा करा आणि दोन समजूतदार माणसं उभी करा. पोरं फोटो काढायला येतात, त्यांना अडवायला कुणीतरी हवंच.

फोन कुणाला, काय सांगायचं

कुणी झाडाखाली अडकलं असेल तर अग्निशमन दलाला १०१ किंवा सरळ ११२, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. अडकलेल्या माणसाला ओढून काढू नका आणि दहा जणांनी मिळून फांदी उचलायची घाई करू नका. फांदी निसटली तर वजन पुन्हा त्याच्यावरच येतं. त्याच्याशी बोलत राहा, रक्त येत असेल तिथे स्वच्छ कापडाने दाबून धरा.

कुणाच्या जिवावर बेतलेलं नसेल तर ठाणे महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला कळवा. तिथून अग्निशमन दल, वृक्ष प्राधिकरण आणि ठाणे आपत्ती प्रतिसाद दल, ज्याला सगळे टीडीआरएफ म्हणतात, यांच्यापर्यंत निरोप जातो. विजेसाठी महावितरणचा १९१२. कळवा, मुंब्रा, शीळ भागात २०२० पासून वीजपुरवठ्याचं काम टोरंट पॉवरकडे आहे, तिथे त्यांच्या बिलावरचा क्रमांक लावायचा. नवी मुंबईकरांनी आपल्या महापालिकेला आणि अग्निशमन केंद्राला कळवायचं, बाकी सारं तेच. येऊरच्या बाजूला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतलं झाड असेल तर वनविभाग आला.

वादळाच्या रात्री त्या कक्षात शेकडो फोन येतात. म्हणून तीस सेकंदांत सांगता येईल असं मनात जुळवून मगच फोन करा: पूर्ण पत्ता आणि ओळखीची खूण, झाड रस्त्यावर आहे की आवारात, कुणी अडकलंय का, वीजतार आहे का, रस्ता बंद झालाय का, झाड पूर्ण आडवं आहे की टेकून राहिलंय. तक्रार क्रमांक मागून घ्या आणि लिहून ठेवा. एकाच घटनेसाठी सोसायटीतल्या वीस जणांनी फोन करू नयेत, एकानेच करावा. खरंच कुणाच्या अंगावर झाड पडलंय त्याची लाइन आपल्यामुळे अडायला नको.

आणि धीर धरा. ज्या रात्री शहरात ठिकठिकाणी झाडं पडतात, त्या रात्री रस्ता अडवणारं झाड आणि माणूस अडकलेलं झाड आधी उचललं जातं. तुमच्या बागेतलं आडवं झालेलं, कुणाला त्रास न देणारं झाड दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तसंच पडून राहील. राहू द्या. दोरी बांधलेली आहे, तारांची वीज वीज कंपनीने बंद केलेली आहे, तर ते सकाळपर्यंत पडून राहिल्याने काही बिघडत नाही. रात्रीच्या अंधारात, भिजलेल्या खोडावर माणूस चढवला तर मात्र बिघडतं.

परवानगीचं काय

नव्या लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे असतो. जागा आमची, झाड आमच्या आजोबांनी लावलेलं, मग तोडायला विचारायचं कशाला? विचारायचं, कारण महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाजगी जागेतल्या झाडालाही लागू आहे. झाड जाळणं, कापणं किंवा कुठल्याही प्रकारे त्याला इजा करणं हे सगळं या कायद्यात ‘तोडणे’ या शब्दात येतं. एरवी तोडण्याआधी झाडावर सूचना लावून हरकती मागवल्या जातात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट आली. पंचावन्न वर्षांचा आंबा तोडलात तर पंचावन्न रोपं.

जीविताला, मालमत्तेला किंवा रहदारीला तातडीचा धोका असेल तर त्यासाठी कायद्यात वेगळी वाट आहे. वृक्ष अधिकारी पाहणी करून लगेच निर्णय देऊ शकतात. म्हणून झाड कललंय, पण पडलेलं नाही, अशा वेळी तोंडी विचारून थांबू नका. त्याच दिवशी लेखी अर्ज द्या. अर्जात झाडाची जात, छातीच्या उंचीवर टेपने मोजलेला घेर, इमारतीपासूनचं अंतर, काय धोका दिसतो ते साध्या शब्दांत, आणि चारही बाजूंचे फोटो. एक फोटो बुंध्याजवळच्या जमिनीचा हवाच. जमिनीला पडलेली भेग हा तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा असतो. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

पूर्ण पडलेल्या झाडासाठीही हलवण्याआधी फोटो काढून वृक्ष प्राधिकरणाला कळवा. दोन महिन्यांनी शेजारच्या इमारतीतल्या कुणी तक्रार केली की ‘यांनी झाड तोडलं’, तर तो फोटो आणि ती पोच हाताशी असलेली बरी.

खर्चाचं म्हणाल तर रस्त्यावरचं झाड पालिका उचलते. आवारातल्या झाडाचा खर्च सहसा सोसायटीवर येतो. पावसाळ्याआधीच कमिटीच्या ठरावात तातडीच्या खर्चाची मर्यादा ठरवून ठेवा, म्हणजे भर पावसात पैशावरून वाद होत नाहीत.

माणसं कुठली बोलवायची

वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर हमखास कुणीतरी येतं. ‘ताई, फुकट कापून देतो, लाकूड आमचं.’ ऐकायला सोपं वाटतं. पण ज्याची मजुरी लाकडातून सुटणार आहे तो जास्तीत जास्त लाकूड काढणार. मोडलेल्या दोन फांद्या उतरवायच्या होत्या, तिथे अख्खं झाड बुंध्यापासून जातं आणि परवानगी विचारायला पालिकेचा माणूस तुमच्याकडे येतो. मजुरी रोख ठरवा, लाकडाचा हिशेब वेगळा ठेवा.

मुकादमाला चार गोष्टी विचारा. वर चढणाऱ्याकडे कमरेचा पट्टा आणि हेल्मेट आहे का? फांदी दोराने उतरवणार की सोडून देणार? खाली उभं राहून दोर धरणारा अनुभवी माणूस कोण? मजुरांचा विमा आहे का? शेवटच्या प्रश्नावर बहुतेक जण हसतात. तुम्ही हसू नका. तुमच्या आवारात माणूस पडला तर जबाबदारी सोसायटीपर्यंत येऊ शकते, आणि त्याच्या घरच्यांचं जे होतं ते कुठल्याही भरपाईने भरून येत नाही.

अनवाणी किंवा रबरी चपलेत मशीन चालवणाऱ्याला काम देऊ नका. पाऊस चालू असताना कुणाला झाडावर चढू देऊ नका, तो स्वतः ‘चालतंय, सवय आहे’ म्हणत असला तरी. उंच आणि मोडक्या झाडावर माणूस चढवण्यापेक्षा पाळणा असलेली क्रेन महाग पडली तरी ती घ्या. ज्या खोडाचा भरवसा नाही त्यालाच पट्टा बांधून माणूस वर जाणार, यात काही अर्थ नाही.

कापताना

हे वाचून स्वतः करवत हातात घ्यावी यासाठी मी हा भाग लिहीत नाही. काम चालू असताना तुम्ही खाली उभे राहणार, तर काय चुकतंय ते तुम्हाला कळावं आणि ‘थांबा’ म्हणता यावं, यासाठी लिहिते.

वाकलेली फांदी धनुष्यासारखी असते. बाहेरच्या अंगाने ती ताणलेली आणि आतल्या अंगाने दाबलेली. दाबलेल्या बाजूने खोल काप घेतला की करवत चिमटते. ताणलेल्या बाजूने एका दमात कापलं की फांदी फाटते आणि उसळून कापणाऱ्याच्या छातीवर किंवा तोंडावर येते. जाणता माणूस आधी दाबलेल्या बाजूने थोडासा काप देतो, मग ताणलेल्या बाजूने हळूहळू, आणि स्वतः फांदीच्या उसळण्याच्या वाटेबाहेर उभा राहतो. कापणारा फांदीला टांग टाकून उभा दिसला तर लगेच काम थांबवा.

उभ्या झाडावरची जड फांदी तीन कापांत उतरते. खोडापासून हात-दीड हात अंतरावर आधी खालून, फांदीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. मग थोडं पुढे, वरून, फांदी सुटेपर्यंत. उरलेला खुंट तिसऱ्या कापात. खालचा काप चुकवला तर फांदी पडताना खोडाची साल खालपर्यंत सोलत नेते आणि तिथून झाड कुजायला लागतं. शेवटचा काप खोडाला घासून घ्यायचा नाही. फांदी जिथून फुटते तिथे एक फुगीर कडं असतं, त्याच्या लगेच बाहेर घ्यायचा. त्या कड्यातूनच झाड जखम भरून आणतं. कापाला डांबर किंवा ऑइलपेंट फासायची पद्धत आहे, तिने फायदा होत नाही. आंब्या-फणसाला मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावायची असेल तर लावा.

वर कुठेतरी अडकून लोंबणारी तुटकी फांदी सगळ्यात घातकी. ती तासाभराने पडेल किंवा आठवड्याने, सांगता येत नाही. ती उतरेपर्यंत खाली कुठलंही काम करायचं नाही, पाला गोळा करायचंसुद्धा नाही.

आता मुळांसकट उपटलेल्या झाडाबद्दल. हे मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून जरा सविस्तर.

तौक्तेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या मागच्या आवारातला गुलमोहर काढायचं काम चालू होतं. झाड आडवं पडलं होतं आणि बुडाशी मुळांची ताटली मातीसकट उभी राहिली होती, माझ्यापेक्षा हातभर उंच. तिच्याखाली खड्डा, आणि खड्ड्यात फुटलेली पाण्याची लाइन. एक मजूर घमेलं घेऊन खड्ड्यात उतरला होता, पाइपाभोवतीचा चिखल काढत होता. दुसरा बुंध्यापासून चार फुटांवर मशीनने खोड कापत होता. खड्ड्यातला मुलगा घमेलं तिथेच ठेवून पाणी प्यायला वर आला. बाटली तोंडाला लावली तोच कापणाऱ्याचा काप पूर्ण झाला. इतका वेळ मुळांना वर धरून ठेवणारं खोडाचं वजन सुटलं आणि ती ताटली क्षणात परत आपल्या खड्ड्यात जाऊन बसली. झाड तुटून पडताना होतो तसा मोठा आवाजही झाला नाही, चिखलात जड पोतं टाकावं तसा झाला. बुंध्याचा खुंट सरळ उभा होता, जणू काही झालंच नव्हतं. त्या मुलाने बाटली खाली ठेवली आणि कितीतरी वेळ त्या जागेकडे बघत बसला. घमेलं दोन दिवसांनी निघालं, चपटं होऊन.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. मुळं उभी असलेल्या झाडाचं खोड कापताना खड्ड्यात आणि खड्ड्यापलीकडे कुणी नाही. मुळांची ताटली आधी साखळीने किंवा क्रेनच्या पट्ट्याने धरायची, मग काप. आणि जवळपासची मुलं, कुत्री, मांजरं, सगळी बाहेर काढून मगच मशीन सुरू.

घरटी, मोहोळ, साप

पावसाळा हा बगळ्यांचा, वंचकांचा, पाणकावळ्यांचा विणीचा काळ. रेन ट्रीवर त्यांच्या वसाहती असतात. धोका नसलेल्या फांद्या ‘आता माणसं आलीच आहेत तर’ म्हणून उतरवून घेऊ नका. पिल्लं खाली पडली असतील तर वनविभागाच्या १९२६ वर फोन करा, खोक्यात जुनं कापड घालून त्यांना ठेवा, पाणी पाजू नका. पडलेल्या झाडावर आग्या मोहोळ असेल तर काम त्याच क्षणी थांबवा. पोकळ खोडात धामण किंवा नागही निघतो, त्यासाठी सर्पमित्र. काठी घेऊन कुणी पुढे होऊ नये.

गाडी आणि विमा

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत वादळाचं नुकसान धरलेलं असतं. झाड हलवण्याआधी नंबर प्लेट दिसेल असे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, गाडी सुरू करून बघू नका. चाळीतल्या किंवा बैठ्या घराचं छप्पर गेलं असेल तर तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. सरकारी मदत मिळायची तर तो लागतोच.

उरलेली झाडं तपासा

एक झाड पडलं की सोसायटीत दोन तट पडतात. एक म्हणतो सगळी तोडून टाका, दुसरा म्हणतो एकालाही हात लावायचा नाही. दोन्ही बाजू घाबरलेल्या असतात. अशा वेळी सगळ्यांनी मिळून प्रत्येक झाडाभोवती एक फेरी मारावी.

बुंध्याजवळची जमीन आधी. वाऱ्याच्या बाजूला नवी भेग किंवा उचललेली माती दिसली तर ते झाड तातडीचं. मग कल. वर्षानुवर्षं वाकून वाढलेल्या झाडाचा शेंडा पुन्हा आभाळाकडे वळलेला असतो. त्याने आपला तोल सांभाळलेला आहे. नुकत्याच कललेल्या झाडाचा शेंडा मात्र खोडाच्या रेषेतच तिरका असतो. बुडाशी अळंबी किंवा कडक, पंख्यासारखी बुरशी उगवली असेल तर आतून लाकूड कुजलेलं समजा. लाकडी हातोड्याने खोडावर ठिकठिकाणी ठोका, ढोली असेल तिथे आवाज ढब्ब येतो. दोन जाड फांद्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या अरुंद फुटल्या असतील आणि मध्ये साल दबलेली दिसत असेल, तर ती जागा वाऱ्यात फाटते. नारळाच्या वाळक्या झावळ्या आणि नारळ तर पावसाळ्याआधी उतरवायलाच हवेत.

यातलं काही दिसलं तर उद्यान विभागाच्या माणसाला किंवा जाणकाराला दाखवा. छाटणी करायची ती सगळ्या अंगांनी समतोल, एका वेळी पानोऱ्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही. शेंडा उडवून ठेवला की तिथून फुटणारे धुमारे वरवर चिकटलेले असतात आणि तीन-चार वर्षांत तेच मोडून पडतात. बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक काढून सगळीकडून मीटरभर माती मोकळी करा. या एका कामाला परवानगी लागत नाही, क्रेन लागत नाही, एका रविवारी चार जणांत होतं.

खड्डा आणि नवं रोप

लहान झाड, हाताच्या मनगटाइतक्या खोडाचं, मुळांसकट कललं असेल तर ते टाकून देऊ नका. मुळांवर ओलं गोणपाट घाला, एक-दोन दिवसांत सरळ करा, फांद्या थोड्या हलक्या करा आणि तीन बाजूंनी बांबूचा टेकू द्या. आमच्याकडचा करंज असाच वाचला.

मोठ्या झाडाचा खड्डा लगेच डेब्रिजने भरू नका. सिमेंटचे तुकडे आणि टाइल्स तिथे गेल्या की पुढे काही जगत नाही. पालापाचोळा आणि माती घाला, पावसात बसू द्या, बसली की पुन्हा माती. इमारतीजवळ असेल तर बकुळ, बहावा, तामण, सीताअशोक लावा. आवार मोठं असेल तर करंज, कदंब. वड-पिंपळ-उंबर भिंतीपासून लांब, खरं तर मैदानातच.

रोपाला बांबूचा आधार देताना सुतळी आठच्या आकड्यासारखी सैल बांधा, म्हणजे खोड वाऱ्यात थोडं हलतं आणि जाड होतं. वर्षभराने ती सुतळी सोडायची तारीख वॉचमनच्या वहीत आजच लिहून ठेवा, नाहीतर ती सालीत रुतते.